सापासाठी छर्र्यांचं रिव्हॉल्व्हर: 'जज' घ्यावं का?

निवडुंग

मंडळी, टेक्ससमध्ये ऑस्टिनपासून तासाभराच्या अंतरावर आम्ही गेल्या वर्षी बारा एकर माळरान घेतलं. "घेतलंस ते घेतलंस, पण तिथे उगवणार काय?" असं आईने फोनवर विचारलं होतं. वर्षभराने उत्तर मिळालं आहे: चुनखडीचे दगड, निवडुंग आणि साप.

मे महिन्यात एका सकाळी अंडी काढायला खुराड्याचं दार उघडलं, तर उंबऱ्यालगत वेटोळं. वेस्टर्न डायमंडबॅक, शेपटीत खुळखुळा असणारा. त्याने खुळखुळा वाजवला म्हणून मी आज हे टंकतोय. हातात टोपली, फावडं तीस पावलांवर. ते आणेपर्यंत स्वारी फळ्यांखाली गडप. पुढचे चार दिवस घरात अंडी कोणी काढायची यावरून वाद.

शेजारचे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, गुरं पाळतात. त्यांना सांगितलं तर त्यांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर रिकामं करून माझ्या हातात दिलं. टॉरस कंपनीचं 'जज'. पाच बारांचं, पण सिलिंडर नेहमीपेक्षा बरंच लांब, त्यामुळे बाजूने पाहिलं की पोट सुटलेल्या माणसासारखं दिसतं. त्यात .४५ कोल्टची गोळी बसते आणि .४१० शॉटगनचं छर्र्यांचं काडतूसही बसतं. "पहिले दोन छर्र्यांचे, सापासाठी. पुढचे तीन गोळीचे, दोन पायांच्या सापासाठी," हे त्यांचं सूत्र. आमच्याकडे शेरीफची गाडी यायला चाळीस मिनिटं लागतात, त्यामुळे सूत्राचा दुसरा भागही मला अगदीच फालतू वाटला नाही.

बायकोला वाटला. तिचं म्हणणं, एका वस्तूत दोन कामं होतात असं विकणारा सांगतो तेव्हा दोन्ही अर्धीमुर्धीच होतात, आपला सोफा-कम-बेड आठव.

माझा अनुभव म्हणजे एन.सी.सी.त .२२ रायफलने झाडलेल्या पाच गोळ्या, त्यातल्या दोन शेजारच्याच्या टार्गेटवर. ज्यांनी ही चीज खरोखर वापरली आहे त्यांनी लिहा. बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर कृपया वेगळा धागा काढा.

टवाळ

वहिनींना +१. त्या सोफा-कम-बेडवर मी एकदा झोपलोय, अजून डावीकडे वळता येत नाही.

बंदुका असाव्यात की नसाव्यात यावर चर्चा नको म्हणालात, म्हणजे ती सातव्या प्रतिसादापासून सुरू होईल. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

सोनोरा

ॲरिझोनात टुसानजवळ एकोणीस वर्षं आहे. आमच्या क्लबात रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा खेळते. जजचा भाऊ म्हणजे स्मिथ अँड वेसनचं 'गव्हर्नर' (२०११ चं, सहा बारांचं, .४५ एसीपीही चालतं) माझ्याकडे तीन वर्षं होतं. विकलं. का विकलं ते सविस्तर लिहिते, कारण दुकानदार हे सांगत नाहीत.

आधी नावाचा घोळ. बारा बोअर म्हणजे नळीत बरोब्बर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. .४१० चं तसं नाही, तो सरळ व्यास आहे, ०.४१० इंच. बोअरच्या हिशेबात मांडलं तर ते सदुसष्ट-अडुसष्ट बोअर भरेल. म्हणजे शॉटगनच्या कुटुंबातलं हे शेंडेफळ. अडीच इंची काडतुसात छर्रे अर्धा औंस, चौदा ग्रॅम. बारा बोअरच्या साध्या काडतुसात याच्या दुप्पट असतात. 'हातात मावणारी शॉटगन' हे शब्द ऐकून डोळ्यांसमोर बारा बोअर आणू नका.

आता खरी गोम. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. या रिव्हॉल्व्हरांच्या नळीला आटे, म्हणजे आतून पिळदार खाचा, पाडलेले असतात. गोळीला गिरकी देण्यासाठी आटे उत्तम, पण छर्र्यांचा घोसही गिरकी घेतो आणि नळीबाहेर पडताच घागऱ्याच्या घेरासारखा फाकतो. थोडं लांबून कागदावर मारून बघा, मेदूवडा दिसेल: कडेला छर्रे, मधे भोक. त्या भोकात साप आरामात बसतो.

मग आटे पाडलेच का? कायद्यामुळे. अमेरिकेच्या १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये अठरा इंचांहून आखूड नळीची शॉटगन आणि गुळगुळीत नळीचं पिस्तूल यांची वेगळी नोंदणी, वेगळी कटकट. आटे पाडले की तेच हत्यार साधं हँडगन ठरतं, दुकानात जाऊन विकत घेता येतं. थोडक्यात, ही नळी वकिलाने आखली आहे. थॉम्पसन सेंटरच्या 'कंटेंडर' पिस्तुलात यावर चांगला तोडगा होता: नळीच्या तोंडाशी स्क्रूने बसणारा चोक, त्यात सरळ खाचा, छर्र्यांची गिरकी तिथेच थांबायची. पण ते एका बाराचं.

गोळीचंही रडगाणं आहे. .४५ कोल्टचं काडतूस १८७३ चं, .४१० पेक्षा बरंच आखूड. एवढ्या लांब सिलिंडरमध्ये गोळी आधी मोकळ्यातून उडी मारते आणि मग आट्यांना भिडते. त्यात नेम थोडा जातो. सात यार्डांवर फरक पडत नाही, पंचवीस यार्डांवर पडतो.

उरला चोर. बारीक छर्रे माणसासमोर वापरू नका. एफ.बी.आय.ची (अमेरिकेची केंद्रीय तपास संस्था) जिलेटिनच्या ठोकळ्यावरची चाचणी असते, त्यात गोळी किमान १२ इंच आत जावी लागते, १८ पर्यंत चालते. पाखरांवर मारायचे छर्रे आखूड नळीतून सुटले की चार बोटंही धड आत जात नाहीत. वर जाड जॅकेट असेल तर विचारूच नका. भयंकर दिसणारी, वरवरची जखम होते. माणूस थांबेल याची खात्री नाही आणि खटला चुकेल याचीही नाही.

रानवाट

सोनोराताई, अभ्यास एक नंबर. पण माझ्याकडे २०१२ पासून जज आहे आणि मी ते विकणार नाही.

लुइझियानात राहतो, होडी घेऊन बायूमध्ये, म्हणजे इथल्या दलदलीच्या संथ पाण्यात, मासे धरायला जाणं हा माझा एकुलता एक नाद. तिथला साप म्हणजे कॉटनमाउथ, पाण्याकाठचा विषारी. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर असतो, तुम्ही फांदीखालून गेलात की कधीकधी होडीतच पडतो. आजवर दोनदा छर्रे मारावे लागले. एकदा पाच फुटांवर, एकदा सहा-सात. दोन्ही वेळा एकाच बारात काम झालं. त्या अंतरावर मेदूवडा नसतो हो, इडली असते!

सापाचं डोकं आगपेटीएवढं, ते हलतंय, होडी हलतेय, माझे हात हलतायत. अशा वेळी एका गोळीने नेम धरून दाखवा. छर्र्यांचा मुद्दाच हा आहे.

होडीत छर्रे मारले तर होडीला भोक पडतं का, असं कोणीतरी विचारेलच. मी होडीच्या बाहेर मारतो.

सोनोरा

रानवाट, सहा फुटांवरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण सहा फुटांसाठी एवढं धूड कशाला? साध्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये सी.सी.आय.ची छर्र्यांची काडतुसं चालतात. निळसर प्लास्टिकची टोपी, आत नऊ नंबरचे छर्रे. .२२ मध्येही मिळतात, त्यात बारा नंबरचे, जेमतेम दोन ग्रॅम.

नंबराचं गणित सोपं आहे: १७ मधून नंबर वजा करा, जे येईल ते छर्र्याच्या व्यासाचे इंचाचे शंभरावे भाग. नऊ नंबर म्हणजे ०.०८ इंच, दोन मिलिमीटर. बारा नंबर म्हणजे ०.०५, खसखशीहून थोडा मोठा. .२२ चे छर्रे गोठ्यातल्या उंदरांना ठीक, पत्र्याला भोक पडत नाही. अमेरिकन शेतकरी त्यांनी लाकूड पोखरणारे भुंगेही मारतात. मोठ्या रॅटलस्नेकला मात्र पाच-सहा फुटांच्या आतच, आणि तेही डोक्यावर. .३८ ला दहा फुटांची मर्यादा धरा.

आणि निवडुंग, तुमच्या जागेत चुनखडी आहे म्हणालात ना? दगडावर मारलेले छर्रे परत येतात. डोळ्यांना चष्मा नसेल तर बार काढूच नका. कानांचंही तेच. आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर खुराड्याच्या पत्र्याखाली वाजवलंत तर पुढचे दोन दिवस बायको काय म्हणते ते ऐकू येणार नाही.

टवाळ

शेवटचं वाक्य विक्रीसाठी वापरा, सगळा माल खपेल.

भोंगळे_गुरुजी

निशाणीपुरता इतिहास टाकतो. गोळी आणि छर्रे एकाच रिव्हॉल्व्हरात ही कल्पना टॉरसची नाही. १८५६ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टर ज्याँ ल मा यांनी असं रिव्हॉल्व्हर काढलं. सिलिंडरमध्ये नऊ गोळ्या आणि सिलिंडर ज्या आसाभोवती फिरतं तो आसच एक जाड गुळगुळीत नळी, तिच्यात मूठभर छर्रे. घोड्याच्या टोकाची पट्टी खाली-वर केली की गोळीऐवजी छर्रे सुटत. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचे सेनापती बोरगार्ड आणि स्टुअर्ट ते बाळगत. वैद्यकी करता करता हे सुचलं, यावर टवाळांनी काही बोलू नये.

दुसरं उदाहरण अंतराळातलं. १९६५ मध्ये अलेक्सी लिओनोव आणि बेल्यायेव यांचं यान ठरल्या जागेपासून लांब, पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरलं. लांडगे-अस्वलांच्या मुलखात रात्र काढावी लागली. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांच्या पेटीत तीन नळ्यांचं टीपी-८२ पिस्तूल आलं: दोन गुळगुळीत नळ्या, एक आट्यांची. बाहेरचा दस्ता कोयत्यासारखा वापरता यायचा.

'जज' हे नाव मायामीतले काही न्यायाधीश कोर्टात संरक्षणासाठी ते विकत घेत होते म्हणून पडलं, असं कंपनीच सांगते. जाहिरातीला याहून चांगली गोष्ट कुठून मिळणार!

बंडूनाना_साताराकर

वाचून मजा आली. आता आमचा प्रश्न. टॉरसने हरयाणात हिसारला जिंदालांबरोबर कारखाना काढलाय असं वाचलं. मग हे जज आपल्याकडे मिळेल काय? आमच्या उसात रानडुकरं लोळतात. विहिरीच्या पंपाच्या पेटीत घोणस बसते ती वेगळीच. रात्रीची लाइट असते, पाणी धरायला एकट्याने जावं लागतं. कमरेला असं काही असलं तर जिवाला बरं.

कलमदान

नाना, पुण्यात वकिली करतो. शस्त्र परवान्याची प्रकरणं वर्षाला आठ-दहा तरी हाताखालून जातात, त्यावरून सांगतो: नाद सोडा.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात शेतकऱ्याच्या बाजूने एकच ठळक तरतूद आहे, कलम १३(३). संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत बंदूक, किंवा खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. यात 'वीस इंच' हे शब्द महत्त्वाचे. हातात मावणारी छर्र्यांची बंदूक कायद्याला मुळातच नको आहे, कारण ती अंगरख्याखाली लपते. कोणी शहाणा म्हणेल, बंदूक घेतो आणि नळी कापतो. कलम ६ वाचा. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

.४१० या आकड्याचा तर आपल्याकडे वेगळाच इतिहास आहे. इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींना गुळगुळीत नळी बसवून एका बाराची .४१० मस्केट बनवली जायची, पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. हेतू हा की हत्यार कोणी हिसकावलं तरी ते रायफल म्हणून वापरता येऊ नये. १९६२ च्या शस्त्र नियमांत .४१० मस्केट आणि तिचं काडतूस चालेल असं कोणतंही हत्यार प्रतिबंधित बोअरच्या यादीत होतं. बाजारातलं शॉटगनचं .४१० काडतूस आणि हे मस्केटचं काडतूस वेगळं, पण हा फरक ठाणे अंमलदाराला समजावून सांगण्याची वेळ स्वतःवर आणू नका.

रिव्हॉल्व्हरचा परवाना जिवाला धोका आहे हे पटवून मागावा लागतो, 'पंपाच्या पेटीत घोणस' हे कारण लिहून नाही. मिळालाच तर हाती येतं कानपूरचं .३२. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली.

आणि स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे, पूर्वी दंडसंहितेत ९६ ते १०६ होता. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर हक्क संपतो. ऊस तोडून नेणाऱ्या चोरावर छर्रे मारून कोणी माझ्याकडे येऊ नये, मी फी दुप्पट घेतो.

कोकणातलो

निवडुंगानु, तुमचो धागो वाचलंय. तुमका थंय सापाक रिव्हॉल्व्हर मिळता, हय आमका केल्ड्यांक फटाके पुरनत नाय. पुढचा मालवणीत लिवलंय तर संपादक ओरडतले, म्हणून प्रमाण मराठीत.

सिंधुदुर्गात आमच्या घरी आजोबांच्या नावची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, आता वडिलांच्या नावावर आहे. वकीलसाहेब म्हणतात तो परवाना तो हाच. तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, गज मारून ठासायची, मग छर्रे, परत बोळा, आणि कानाला केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी. सगळं होईपर्यंत केल्डी चार नारळ पाडून, एक आपल्याला फेकून मारून, निघून गेलेली असतात. तिचा उपयोग आवाजापुरता. आणि तो उपयोग मोठा आहे, एक बार काढला की दोन दिवस माकडं बागेकडे फिरकत नाहीत. तिसऱ्या दिवशी येतात.

रानडुकराला बारीक छर्रे म्हणजे खाज. वर कातडं, खाली चरबी, त्यावर चिखलाचा थर. जखमी डुक्कर जाळीत घुसलं आणि मागोमाग माणूस गेला तर काय होतं ते आमच्या वाडीने पाहिलं आहे. जुनी माणसं मोठ्या छर्र्यांशिवाय डुकरावर हत्यार उचलायची नाहीत, आणि उचलायची ती माचावरून. चालत, कमरेच्या छोट्या हत्याराने डुक्कर मारायला निघालेल्याला आम्ही आधीच पाणी पाजून निरोप देऊ.

निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. भात पोटरीत असतं, डुकरांना आचारसंहिता नसते.

सर्पगंधा

टवाळ, सातवा प्रतिसाद चुकला, पण मी आले.

पुणे परिसरात सोळा वर्षं साप पकडून सोडते. बंडूनाना, आपल्याकडे साप मारणं गुन्हा आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यात तर 'उपद्रवी' प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूचीच गेली, जिच्यात उंदीर, कावळे, वटवाघळं असायची. एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर आता केंद्राची अधिसूचना लागते. रानडुकरासाठीही आधी वनखात्याकडे अर्ज.

कायदा बाजूला ठेवा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार विषारी दंश होतात आणि मृत्यू पाचाच्या आसपास. हा फरक तिकडच्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर आहे म्हणून नाही. पायात बूट आहेत, हातात टॉर्च आहे, जमिनीवर कोणी झोपत नाही, आणि दवाखान्यात विषावरचा उतारा आहे. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिला काय गोळी घालणार? घोणस आणि फुरसं वाळक्या पाचोळ्यात दिसतच नाहीत, पाय पडतो तेव्हाच कळतं.

मी पाहिलेल्या दंशांतले कितीतरी 'मारायला गेलो आणि चावला' या प्रकारचे. निवडुंग, तुमचा साप फळ्यांखाली गेला म्हणजे त्याने तुम्हाला टाळलं. तुम्ही दहा फूट मागे सरलात तर तो तुमच्यामागे येत नाही. मग दहा फुटांवर चालणाऱ्या हत्याराचं काम काय राहिलं?

नाना, पंपाच्या पेटीला खालून जिथे वायर जाते तिथलं भोक बुजवा. पेटी उघडायच्या आधी काठीने ठोका. रात्री गमबूट.

रानवाट

होडीत दहा फूट मागे सरून बघा ताई.

सर्पगंधा

हे मान्य.

व्हिसाग्रस्त

इथे अमेरिकेतले बरेच जण वाचत असतील म्हणून. निवडुंग यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांचं ठीक. पण एच-१बी, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. नुसतं विकत घेणं नव्हे, जवळ असणंही. त्याला अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. आमच्या ऑफिसातला एक जण मित्रांबरोबर हौसेने नेमबाजीला गेला, हे त्याला नंतर कळलं. त्याचं काही वाईट झालं नाही, पण ग्रीन कार्डाच्या मुलाखतीपर्यंत झोप उडाली होती.

खाडीकिनारा

आणि कॅलिफोर्नियावाल्यांनी जजचा विचारही करू नये. शॉटगनचं काडतूस चालतं आणि नळी अठरा इंचांहून आखूड, म्हणून आमच्या राज्यात ते सरळ आखूड शॉटगन धरलं जातं. आटे पाडलेत की नाहीत हे इथे कोणी विचारत नाही. नेवाड्यातून येताना गाडीत राहिलं तरी अडकाल.

सोनोरा

ॲरिझोनात २००० पासून 'शॅनन्स लॉ' आहे. शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे बार काढला तर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. 'साप होता' म्हणून सुटका होईलच असं नाही. आमच्याकडे काही अग्निशमन दलं फोन केला की येऊन साप उचलून नेतात, मी गेल्या पावसाळ्यात दोनदा बोलावलं. रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धा खेळणारी बाई सापासाठी बंब बोलावते, हसा.

सर्पगंधाताईंशी मी बव्हंशी सहमत आहे. फक्त एक: जखमी गाय, पिसाळलेला स्कंक, कुत्र्याला धरलेला साप, अशा वेळी शेतावर हत्यार लागतं. ते कोणतं, एवढाच आपला प्रश्न आहे.

निवडुंग

उशीर झाला, मधे शेळी व्यायली.

गेल्या शनिवारी शेजाऱ्यांच्या जागेवर मातीच्या बांधासमोर त्यांचं जज आणि त्यांच्या बायकोचं जुनं .३८, दोन्ही वाजवून पाहिली. सोनोराताईंच्या सांगण्याप्रमाणे चष्मे, कानाला मफ. साप म्हणून बागेची फुटकी हिरवी नळी वेटोळं करून पुठ्ठ्यावर तारेने बांधली. बायको आली होती, कागदावर मोजमापं तिने घेतली, म्हणजे माझ्या बाजूने फुगवलेली नाहीत.

जज, नऊ नंबरचे छर्रे. पाच फुटांवर घेर वीतभर, नळीची चाळण. दहा फुटांवर घेर जेवणाच्या ताटाएवढा, नळीला अकरा छर्रे, आम्ही जिला डोकं ठरवलं होतं त्या टोकाला एक. एकवीस फुटांवर अख्खा पुठ्ठा भरला आणि नळीला दोन. मेदूवडा मला स्पष्ट दिसला. शेजारी म्हणाले तो तुझ्या मनात आहे.

मग चार मोठ्या छर्र्यांचं, ०.३६ इंची दाण्यांचं काडतूस, खास हँडगनसाठी बनवलेलं. एकवीस फुटांवर चारही छर्रे पंजाएवढ्या जागेत. शेजारी खूश. त्यावर बायकोने विचारलं, की मग चोरासाठी हेच भरायचं तर सापाचं काय, आणि सापाचं भरलं तर चोराचं काय, आणि अंधारात पहिला कोण येणार हे आधी कळवतात का? म्हातारबुवांनी सिलिंडर फिरवून दाखवलं, इथे थांबवायचं, म्हणजे पुढचा गोळीचा येतो. तिने डोळे मिटून करून दाखवा म्हणून सांगितलं. त्यांनी दोनदा केलं. दोन्ही वेळा छर्रेच पुढे आले.

.३८ चे छर्रे पाच फुटांवर जजच्या तोडीस तोड, दहा फुटांवर विरळ. धक्का निम्मा वाटला. बायकोने पहिल्यांदाच हत्यार हातात धरलं होतं, तिच्या सहा साध्या गोळ्यांपैकी पाच एकवीस फुटांवर बशीएवढ्या गोलात. माझ्या सहा कुठे गेल्या ते बांधाला ठाऊक.

तर जज घेत नाही. .३८ घेण्याचं ठरतंय, आधी दोघांनी शिकवणी लावायची. दरम्यान खुराड्याच्या फळ्यांखाली पाव इंची जाळी ठोकली, लाकडाचा ढीग घरापासून पन्नास पावलं लांब नेला, सांडलेलं दाणं रोज झाडतो म्हणजे उंदीर कमी आणि उंदरांमागे येणारेही कमी. चार फुटी सापाचा आकडा मागवलाय, तो कसा वापरायचा यावर सर्पगंधाताईंनी जमलं तर लिहावं.

सर्पगंधा

आकडा वापरायला शिकेपर्यंत वापरू नका. लिहिते सवडीने, वेगळ्या धाग्यात. तोवर झाकणाची उंच बादली आणि लांब दांड्याचा झाडू जवळ ठेवा. आणि साप सोडायचा तर जवळपासच, आपल्याच बांधाच्या पलीकडे. पाच-दहा मैल नेऊन सोडलेला साप बऱ्याचदा जगत नाही.

बंडूनाना_साताराकर

पेटीचं भोक बुजवलं. घोणस आत होती का बाहेर ते बुजवताना बघायचं राहिलं.

कोकणातलो

नाना, आता काठीने ठोकान बघा. थंयसूनच, लांबसून.

टवाळ

बाकी सगळं ठीक. मूळ प्रश्न तसाच आहे. अंडी कोण काढतं?

निवडुंग

मी. बायको मागे दहा फुटांवर उभी असते.